तोंडी सूचना

आई गेल्या त्याला या श्रावणात वर्ष झालं. शोकसभेत चार जण बोलले. दोघांनी ‘त्यागमूर्ती’ म्हटलं, एकानं ‘देवाघरच्या लेकरांची माउली’, आणि चौथ्या गृहस्थांनी ‘पुण्य’ या एका शब्दावर चांगली दहा मिनिटं काढली. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, सून रडतेय. मला खरं तर हसू आवरत नव्हतं. आई असत्या तर पहिल्याच ‘त्यागमूर्ती’ला उठून चहा टाकायला आत निघून गेल्या असत्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. १९८१ ते २०११ अशी तीस वर्षं त्या नाशिकमधल्या मतिमंद मुलांच्या एका विशेष शाळेत शिकवत होत्या. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं अपंग वर्ष. आईंना त्याचा पत्ताही नव्हता. बी.ए. झालेलं, दोन वर्षं बालवाडीत काढलेली, घरात एका पगारात भागत नव्हतं. “मला आतून हाक वगैरे आली नव्हती गं,” त्या सांगायच्या, “मला जाहिरात दिसली होती.”

नाशिकला तेव्हा हे काम अगदीच नवं नव्हतं. स्वतःच्या मुलाच्या निमित्तानं या वाटेवर आलेल्या रजनीताई लिमयांनी सत्तरच्या दशकातच प्रबोधिनी ही अशीच शाळा सुरू केली होती. आईंची शाळा वेगळी, लहान, भाड्याच्या जागेतली. वर्गात दहा-बारा मुलं. पहिल्या दिवशी एकानं त्यांच्या हाताला कडकडून चावा घेतला. दुसऱ्या दिवशी त्या लांब बाह्यांचं पोलकं घालून गेल्या. एवढंच. यात त्याग कुठे आहे, तो मला चोवीस वर्षं त्यांच्याबरोबर राहून सापडला नाही. चिकाटी होती, आणि कसब होतं. एखाद्या सोनाराच्या हातात असतं तसं. पण सोनाराला कुणी त्यागमूर्ती म्हणत नाही.

१९८४ साली त्या वर्षभराची पदविका करायला बाहेरगावी गेल्या. माझा नवरा तेव्हा नऊ वर्षांचा, आजीकडे राहिला. त्याच वर्षी सिकंदराबादला मतिमंदांसाठीची राष्ट्रीय संस्था निघाली. तिथून आलेल्या पुस्तिका आईंच्या लोखंडी कपाटात शेवटपर्यंत होत्या, पानं पिवळी पडलेली, कडांना हळदीचे डाग. म्हणजे स्वयंपाक करताना वाचलेल्या.

त्या कपाटातला सगळ्यात जाडजूड ऐवज म्हणजे त्यांच्या नोंदवह्या. प्रत्येक मुलाची एक. मद्रासला तयार झालेली एक मूल्यमापनाची पद्धत आहे, विशेष शिक्षक तिला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांनी एमडीपीएस म्हणतात. जेवण, कपडे, शी-शू, बोलणं, हिशेब असे अठरा गट आणि प्रत्येक गटात सोप्याकडून अवघडाकडे जाणारी वीस-वीस कामं. एकूण ३६०. आईंना तिच्यातली एक गोष्ट फार आवडायची. वाक्यं सगळी ‘करतो’ अशी आहेत, ‘करत नाही’ असं एकही नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी मला हे भाजी निवडता निवडता सांगितलं. मी जळगावची, नवी सून, मेथीच्या काड्या पानांत टाकत होते. त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मेथी निवडते. शारीरिक मदतीने.”

हा त्यांचा विनोद समजायला मला सहा महिने लागले. नोंदवहीत प्रत्येक कामापुढे मूल ते कसं करतं याची खूण असायची. हाताला धरून करून घ्यावं लागतं, ती शारीरिक मदत, ‘शा.म.’. नुसतं बोटानं दाखवलं की करतो, ती ‘खूण’. बोललं की करतो, ती तोंडी सूचना, ‘तों.सू.’. आणि काही न सांगता करतो, ते ‘स्व.’. स्वतः. एका मुलीच्या वहीत ‘तोंड धुते’पुढे शा.म. पासून स्व. पर्यंत यायला लागलेल्या तारखा आहेत. जून १९८८ ते फेब्रुवारी १९९१. वही चाळताना मी तिथे थांबले. पावणेतीन वर्षं, तोंड धुवायला. खाली कुठे ‘अभिनंदन’ नाही, चांदणी नाही. पुढच्या ओळीत लगेच ‘केस विंचरते: शा.म.’.

शिकवायचं कसं, यातलं मला जेवढं कळलं ते सांगते. आपण ‘शर्ट घाल’ म्हणतो, ते एक काम नसतंच. आई त्याचे तुकडे करायच्या. शर्ट उचलणं, कॉलर ओळखणं, उजवा हात, डावा हात, दोन्ही कडा जुळवणं, बटण काजात घालणं, ओढणं. मग गंमत अशी की त्या शेवटापासून सुरुवात करायच्या. सगळी बटणं त्या लावणार, शेवटचं अर्धवट काजात घालून ठेवणार, आणि पोरानं ते फक्त पलीकडून ओढायचं. झालं! शर्ट घातला! दुसऱ्या महिन्यात शेवटचं बटण पूर्ण त्यानं लावायचं. तिसऱ्या महिन्यात शेवटची दोन. असं मागे मागे येत शर्ट उचलण्यापर्यंत. सुरुवातीपासून शिकवलं तर मूल पहिल्या पायरीवरच अडतं आणि काम पुरं झाल्याचा आनंद रोज बाईंनाच मिळतो, असं त्यांचं म्हणणं. शेवटून शिकवलं की रोज पोरानंच जिंकायचं.

मला स्कूटी त्यांनी अशीच शिकवली, २००१ साली, जेलरोडच्या आमच्या गल्लीत. त्यांना स्वतःला सायकलसुद्धा येत नव्हती! दोन दिवस मुलाला गाडी चालवताना बघितलं, कागदावर पायऱ्या लिहिल्या, आणि मला पहिला आठवडाभर फक्त गाडी स्टँडला लावायला लावली. शेजारणी गॅलरीत यायच्या बघायला. माझा नवरा गाडी चालवत आणायचा, फाटकाशी उतरायचा, आणि मी समारंभपूर्वक ती डबल स्टँडवर चढवायची. पण खरं सांगते, चालवायला लागल्यावर मी कधी पडले नाही. थांबता येतं हे आधी माहीत होतं ना.

नवऱ्याचं मात्र आईविषयी एक दुखणं आहे, ते तो आजही लपवत नाही. दहावीच्या वर्षी आईनं त्याचं एक पुस्तक उघडलं नाही. ती संध्याकाळी सातला घरी यायची आणि जेवणं झाली की जुन्या कापडावर मोठी मोठी कोटाची बटणं शिवत बसायची, शाळेतल्या पोरांसाठी. एकदा त्यानं विचारलंच. आई म्हणाल्या, “तुला येत होतं रे.” उत्तर खरं होतं. पण पंधरा वर्षांच्या मुलाला ते पुरत नाही, आणि पन्नाशीतल्या माणसालाही पुरलेलं नाही, हे मी रोज बघते.

पगाराची कथा लांबड लावण्यासारखी आहे, पण थोडक्यात आटोपते. साध्या शाळेतल्या शिक्षकांचा पगार शिक्षण खात्याचा, विशेष शाळेतल्यांचा समाजकल्याणचा. तो तीन-तीन महिने यायचा नाही. “मुलं शिकायला येतात, आणि खातं त्यांचं कल्याण करतं,” हे आईंचं ठरलेलं वाक्य. २०२२ च्या डिसेंबरात राज्यानं दिव्यांग कल्याण असा स्वतंत्र विभाग काढला, तेव्हा निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. पेपरात बातमी वाचून त्या चष्मा काढत म्हणाल्या, “शिक्षण याही पाटीवर नाही.” पाट्यांचं त्यांना तसं वावडंच होतं. अपंग, मतिमंद, विशेष, दिव्यांग, बौद्धिक अक्षम, दर काही वर्षांनी शब्द बदलायचा आणि शाळेची पाटी नव्यानं रंगवली जायची. पाटीसाठी पैसे यायचे. मुलांच्या संडासातला नळ मात्र त्यांनी स्वतःच्या पैशानं बसवून घेतला.

आणि ती केळी! तीन डिसेंबरला, म्हणजे जागतिक अपंग दिनी, शिवाय कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला, माणसं शाळेत केळी घेऊन यायची. मुलांच्या हातात सोललेलं केळं ठेवायचं, फोटो काढायचा, डोळे पुसायचे, निघायचं. आईंनी नियम केला, केळं सोलून द्यायचं नाही. ज्याचं त्यानं सोलायचं, आणि शेवटच्या पोराचं सोलून होईपर्यंत पाहुण्यांनी बसायचं. पाऊण तास लागायचा. काही जण घड्याळ बघत चुळबुळायचे. एक कारखानदार मात्र मांडी घालून बसले आणि तेव्हापासून दर महिन्याला येत राहिले, केळ्यांशिवाय.

त्यांच्या हातून झालेली चूकही सांगायला हवी, कारण त्या स्वतः ती नव्या शिक्षिकांना सांगत. सतरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला सातपूरकडच्या कार्यशाळेत काम मिळणार होतं, पाकिटं चिकटवण्याचं. सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, बस. त्याला अक्षरं येत नव्हती, आकडा नऊपर्यंत येत होता, आणि थांबेही नेमके नऊ होते. आईंनी त्याच्या डाव्या खिशात नऊ बटणं घातली. बस थांबली की एक बटण उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की उतरायचं. महिनाभर त्या बरोबर गेल्या, मग पुढचा महिनाभर चार सीटं मागे बसून गेल्या. मग तो एकटा. सहा महिने एकदाही चुकला नाही.

गणपती विसर्जनाच्या दिवशी मिरवणुकीमुळे बस दुसऱ्या रस्त्यानं वळवली. रात्री साडेनऊला तो सापडला, भलतीकडच्याच एका थांब्यावर, पानाच्या टपरीशेजारी. टपरीवाल्यानं त्याला दोनदा चहा पाजला होता. नाव विचारलं तर तो उजवा खिसा उघडून दाखवत होता. नऊच्या नऊ बटणं होती. त्याचं काहीही चुकलं नव्हतं.

त्या रात्री आई जेवल्या नाहीत. नोंदवहीत त्या तारखेला एकच ओळ आहे: ‘थांबे शिकवले, रस्ता नाही. चूक शिक्षिकेची.’ त्यानंतर शिकवायचा क्रम बदलला. आधी कंडक्टरला खिशातलं कार्ड दाखवायचं, बाकी सगळं मग.

निवृत्तीनंतर आई थंडावतील असं आम्हाला वाटलं होतं. १९९२ च्या कायद्यानं पुनर्वसन परिषद आली तेव्हापासून विशेष शिक्षकांना तिच्याकडे नोंदणी करावी लागते, आणि ती दर पाच वर्षांनी नवी करायची तर प्रशिक्षणांना बसून गुण मिळवावे लागतात. आई पासष्टाव्या वर्षी, पंचविशीतल्या मुलींच्या शेजारी बसून ते गुण मिळवत होत्या. कशाला, विचारलं तर म्हणायच्या, “परवाना आहे. असू दे.” तो परवाना पुन्हा लागला, आणि लागला तो बाबांच्या धंद्यापायी.

माझे सासरे नोटा छापायचे. म्हणजे नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये होते, जी १९२८ पासून आमच्या गावाचं घड्याळ आणि पोट दोन्ही चालवते. “नवरा छापतो, बायको ओळखायला शिकवते,” हा आमच्या नातेवाइकांचा पेटंट विनोद. आईंच्या शाळेत नोटा रंगावरून शिकवत. शंभराची निळी-हिरवी, दहाची नारिंगी. वाचता न येणाऱ्या मुलाला रंग पुरतो. त्यांचे माजी विद्यार्थी, आता तिशी-चाळिशीतले बाप्ये आणि बाया, त्या रंगांवर भाजी आणत होते, दळण आणत होते, एक जण तर वडिलांच्या टपरीवर गल्ला सांभाळत होता.

मग ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आली. आमच्या गावात प्रेसचे कामगार रविवारीसुद्धा कामाला जात होते, तेवढं सगळ्या देशाला माहीत आहे. आमच्या ओट्यावर काय चाललं होतं, ते नाही. आठवड्याभरात पहिली आई आली मुलाला घेऊन. नवी पाचशेची करडी नोट त्यानं ‘खोटी’ म्हणून फेकून दिली होती. त्याला कसं चूक म्हणणार? आणि हे तेवढ्यावर थांबलं नाही. पुढच्या तीन वर्षांत दोनशेची पिवळी आली, पन्नासची चकचकीत निळी, दहाची चॉकलेटी, शंभराची जांभळट, वीसची हिरवट-पिवळी. जुन्याही चालूच! म्हणजे शंभर दोन रंगांचे, दहा दोन रंगांचे. वीस वर्षं घासून घासून ‘स्व.’ पर्यंत आणलेलं काम पुन्हा ‘शा.म.’ वर.

तेव्हा मी बाबांना आईंच्या कामात पहिल्यांदा तोंड घालताना पाहिलं. ते पेपर वाचत होते. पेपर न सोडता म्हणाले, “रंग सोड. लांबी बघ.” नव्या नोटांची रुंदी, पन्नासपासून पाचशेपर्यंत, एकच आहे, ६६ मिलिमीटर. लांबी मात्र वेगळी. पन्नास १३५, शंभर १४२, दोनशे १४६, पाचशे १५०. आईंनी त्याच दुपारी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची पट्टी कापली. एका टोकाला काठ, त्याला नोट टेकवायची, दुसरं टोक ज्या रेघेपर्यंत पोचेल ती नोट. रेघांशेजारी आकडे नाहीत, चित्रं. शंभराच्या रेघेपाशी काय काढायचं यावर दोघांचं वाजलं. बाबा म्हणत गांधीजी काढ. आई म्हणाल्या, ते सगळ्यांवरच आहेत. शेवटी दुधाच्या पिशव्या काढल्या, दोन.

दोनशे आणि शंभर यांत चारच मिलिमीटरांचा फरक, तो काहींच्या हाताला कळायचा नाही. तिथे रंग कामाला आला. जुनी शंभराची नोट तर या पट्टीत बसेच ना, १५७ लांब. ती पट्टीबाहेर गेली की ‘जुनी शंभर’, असा तिचाही बंदोबस्त झाला. त्या पट्ट्या किती वाटल्या देव जाणे. कपाटात अजून सात शिल्लक आहेत. दर रविवारी आमच्या ओट्यावर वर्ग भरायचा, आणि बाबा नोटा दाखवण्यासाठी आपलं पाकीट द्यायचे. परत घेताना मोजून घ्यायचे. प्रेसमधली सवय.

२०२३ च्या दिवाळीनंतर आईंना जिना चढताना धाप लागायला लागली. हृदयाचं काम निम्म्यावर आलंय, असं डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. आईंनी दाराआडून ऐकलं असणार. त्यानंतर त्यांनी ना औषधांची चौकशी केली, ना मृत्युपत्राची. फक्त एक बदल झाला. सकाळचा चहा त्या करायच्याच, पण गाळायच्या वेळी हाक यायची, “अहो, जरा कपात ओता.” बाबा उठायचे, ओतायचे. पन्नास वर्षांच्या संसारात या माणसानं गॅस कुठे पेटतो ते पाहिलं नव्हतं. आम्हाला वाटलं, आईंना भांडं पेलवत नसेल.

महिन्याभरानं गाळायचं कामही बाबांकडे आलं. मग दूध घालायचं. मग साखर. मग पूड. आईंची खुर्ची ओट्यापासून आधी हातभर, मग दारात, मग बाहेरच्या खोलीत गेली. पावसाळा लागला तेव्हा बाबा एकटेच स्वयंपाकघरात चहा करत होते आणि आई बाहेरून पेपर वाचत होत्या. आपण एवढे शहाणे, आम्ही हसलो. नवरा म्हणाला, बाबा म्हातारपणी सुधारले.

वर्षश्राद्धाच्या आधी मी कपाट आवरायला घेतलं. शेवटच्या नोंदवहीवर मुलाचं नाव नव्हतं. आत एकच पान लिहिलेलं. वर ‘चहा’, खाली तेरा पायऱ्या, आईंच्या बारीक, सरळ अक्षरात. ‘पाणी: मारुतीच्या कमरेपर्यंत.’ मला क्षणभर कळेना. मग आठवलं, नाशिकचा माणूस पुराचं पाणी मीटरमध्ये मोजत नाही. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असंच आपण सांगतो. शाळेतल्या मुलांना ‘किती’ हे त्या असंच शिकवायच्या, पावसाळ्यात गंगेवर, म्हणजे गोदावरीवर नेऊन. मी उठून चहाचं पातेलं उजेडात धरलं. आतल्या बाजूला, निम्म्याच्या जरा खाली, टोच्यानं मारलेला एक आडवा ओरखडा होता.

तेराही पायऱ्यांपुढे तारखा आहेत, आणि प्रत्येकीपुढे शेवटी ‘स्व.’. अकरावी सोडून. ‘गॅस बंद करणे’ला आधी शा.म., मग खूण, आणि मग तों.सू. तिथेच थांबलंय. शेवटची नोंद त्या गेल्या त्याच्या चार दिवस आधीची.

पान मी बाबांना दाखवलं नाही. सकाळी सहाला स्वयंपाकघरात पातेलं वाजतं, लायटरचा आवाज येतो, आल्याचा वास येतो. मी पांघरुणातच असते. गाळण्याचा आवाज झाला की मोजून तीन आकडे थांबते. कधी तरी आपणहून खट्ट वाजेल, म्हणून.

“बाबा, गॅस.”

“हो, हो. करतोय.”